डावा हात

१० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या कोटाला नवं रेशमी अस्तर लावून पाठवतो आहे. माझ्या हातांचं विचारलंस. उजवा छान सुधारला, डावा मात्र भेगाळलेलाच. डॉक्टरीणबाई बुचकळ्यात पडल्यात. माणूस एक, मलम एक, मग एकाच हाताला गुण का? आता डाव्याच्या कातडीचा तुकडा काढून तपासायचा आणि जड गोळ्या सुरू करायच्या म्हणतात. त्या यकृताला बाधू शकतात हे ऐकल्यापासून हिचा जीव टांगणीला लागलाय. शिवणकाम सोडता येईल का, असंही त्यांनी विचारलं. मला दुसरं येतं काय?

काळजी कमी कर, लोभ आहे तेवढा राहू दे.
तुझा ठिगळ्या

१८ मार्च

चि. ठिगळ्यास,
अनेक आशीर्वाद.

कोट अंगाला असा बसलाय की शेजारीण शिंप्याचा पत्ता मागून गेली. पण अस्तरावर जागोजागी धागे ओढले गेलेत. असं काम तुझ्या हातून कधी आलं नव्हतं. भेगांत रेशीम अडकत असणार. शिवाय मलम तुपासारखं चिकट आहे असं मागे एका पत्रात म्हणाला होतास, आणि अस्तरावर तेलाचा एक डाग नाही! कापड कुठल्या हाताने सरकवतोस रे? लहानपणी औषध कुंडीत ओतणारा तूच. रागावणार नाही, पण खरं सांग, आणि मला सांगण्याआधी डॉक्टरांना सांग.

आशीर्वाद आहेतच, कान पिळायचा हक्क राखून ठेवते.
ताई

२७ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चोरी पकडलीस. मलम उजव्यालाच लावत होतो. तो कात्री धरतो, त्याला चालतं. डावा कापडावरून फिरतो. सुरुवातीलाच एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या रेशमावर माझी पाची बोटं उमटली, तेव्हापासून डाव्याला मलम बंद. बाईंनी विचारलं की मी हो म्हणायचो. एका हाताला लावत होतोच की!

काल भीतभीत सांगून टाकलं. वाटलं, खरडपट्टी निघणार. त्या खुर्चीत मागे टेकल्या आणि म्हणाल्या, "बरं झालं बोललात. तुमचे हात दिवसभर कशात असतात, हे मीही कधी विचारलं नाही."

तुकडा नको, गोळ्याही तूर्त नकोत. मलम दुकान बंद झाल्यावर लावायचं, वर सुती हातमोजे. दिवसा पातळ लोशन, ते वाळल्यावरच कापडाला हात. हातमोजे मीच शिवले. ते घालून झोपतो म्हणून ही मला साहेब म्हणते. बऱ्याच दिवसांनी हसली बघ.

कोट परत धाड, अस्तर बदलतो. लोभाला उसवू देऊ नकोस.
ठिगळ्या

९ मे

चि. ठिगळ्यास,
अनेक आशीर्वाद.

कोट आला. आधी अस्तर गालाला लावून पाहिलं. कुठेही अडलं नाही. खरं सांगते, रडू आलं. भावजयीला सांग, आता निर्धास्त राहा.

खिशात तुझा हातमोजा निघाला, डाव्या हाताचा. वेंधळा तो वेंधळाच! कोटाला डाग लागेल म्हणून घाईने बाहेर काढला आणि उलटा करून पाहिला. आतून पार तेलकट होता. इतका की माझीही बोटं माखली, आणि मी ती बराच वेळ पुसली नाहीत.

मोजा सोबत पाठवते आहे. धुऊन वापर, आणि माया अशीच ठेव.
ताई