बटणांचा डबा आणि छताचा पंखा

ती. दादांस,

उभ्याउभ्याच नमस्कार. साष्टांग घालायचा तर आमच्या पुढच्या खोलीत तेवढी जमीन मोकळी राहिलेली नाही, सगळीकडे वायरी पसरल्यात. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनी तुम्हाला जिना चढू देत नाहीत असं कळलं. त्यांचं ऐका. (मी तुमच्या बहिणीचं ऐकत नाही, त्याचं काय होतं ते खाली येतंच आहे.)

आधी हिशेब. मी जो बटणांचा डबा घेतला त्याची दुकानातली किंमत तुमच्या बहिणीने तुम्हाला फोनवर सांगितलीच असेल, आणि थोडी वाढवूनच सांगितली असेल. ती सोडा. खरी किंमत अशी: तिचं शिवणाचं टेबल, वरच्या मजल्यावरच्या मास्तरांची दुपारची झोप, आम्हा नवराबायकोचं जेवतानाचं बोलणं, आणि एक जुनं गिऱ्हाईक. म्हणजे आपला लाँड्रीवाला. त्याच्या मशीनची मोटार दुकानात आली होती, तिचा घरघराट मला इतका आवडला की डब्यात भरायला तो नीट टिपून होईपर्यंत मी ती दुरुस्तच केली नाही. तो रोज येऊन विचारायचा, झाली का? मी म्हणायचो, अजून ऐकतोय. (यात एक अक्षर खोटं नव्हतं. तरी त्याने मोटार उचलून दुसरीकडे नेली.)

डबा दिसायला साधा. चौकोनी ताटाएवढा, वर रबरी बटणांच्या रांगा, आणि मागून एक वायर निघून कॉम्प्युटरात जाते. एकेका बटणात आवाजाचा एकेक तुकडा भरून ठेवायचा. बटण दाबलं की तो तुकडा गोल गोल फिरत राहतो, तुम्ही थांबवेपर्यंत. त्याला ही पोरं लूप म्हणतात. मी सगळा जन्म मोटारी दुरुस्त करण्यात घालवला, गोल गोल फिरणाऱ्या गोष्टी मला कोणी शिकवायच्या? उभ्या रांगेत वाद्यं, आडव्या रांगेत गाण्याचे भाग, इतकं मला पहिल्याच दिवशी कळलं. अडलो ते एकाच ठिकाणी. आत्ता दाबलेलं बटण आत्ता वाजत नाही. चालू आवर्तन संपलं की पुढच्या समेवर वाजतं. मी आपला वाजलं नाही म्हणून पुन्हा दाबायचो, आणि पुन्हा दाबलं की पहिलं दाबलेलं रद्द. शेवटी तुमची भाची म्हणाली, "बाबा, हा घरातला दिवा नाही. ही बस आहे. एकदा हात दाखवायचा आणि गप उभं राहायचं." त्या एका वाक्यात मला सगळं आलं. (मुलगी हुशार आहे. काही गुण आजोळकडून आले असतील, मी नाकारत नाही.)

आता ती मला का शिकवत होती ते सांगतो, कारण तुमच्या बहिणीने तुम्हाला उलटं सांगितलेलं असणार. तुमची भाची गाणी लिहिते, गिटार वाजवून गाते, हे तुम्हाला माहीत आहे. तिच्या जोडीला खर्जातली गिटार वाजवणारा एक मुलगा आहे, त्याला आम्ही मौनी म्हणतो, कारण तो आमच्याकडे जेवून जातो तरी त्याचा आवाज कसा आहे ते मला सांगता येणार नाही. तिसरा होता ड्रमवाला. त्याला परगावी नोकरी लागली आणि तो गेला. नेमकं त्याच वेळी वाचनालयाच्या वरच्या लहान सभागृहात दर शनिवारी संध्याकाळी गाण्याचा कार्यक्रम ठेवायचं तिथल्या व्यवस्थापकांच्या मनात आलं. त्यासाठी आधी एक कार्यक्रम करून दाखवायचा होता. आवडला तर सगळे शनिवार यांचे. नाही आवडला तर मौनीही दुसरीकडे जाणार, आणि तुमची भाची गिटार कपाटावर टाकून त्या विम्याच्या कचेरीत पूर्णवेळ बसणार. हे तिने मला सांगितलं नाही. रात्री भांडी लावताना आईला सांगत होती, मी बाहेरच्या खोलीतून ऐकलं. कान आहेत ते आहेत.

मी म्हणालो, ड्रमवाला घरातच आहे. तुमची बहीण म्हणाली, "आधी दारावरची बेल वाजते तेव्हा उठायला शिका." तिकडे मी लक्ष दिलं नाही. दादा, फुशारकी मारत नाही, पण ताल म्हणजे शेवटी काय, एक यंत्र बरोबर चालतंय की नाही एवढंच. पोरवयात दुसऱ्याच्या कारखान्यात तेल घालायला लागलो तेव्हा मालक माझे डोळे बांधून विचारायचा, कोणती मोटार आजारी आहे? मी नुसतं बोट दाखवायचो. त्या बोटावर मी आज स्वतःचं दुकान चालवतो.

दुसरा ड्रमवाला काही मिळाला नाही, म्हणून ड्रमच्या जागी डबा घेऊन मीच बसलो. कार्यक्रम सुरू झाला. पहिली दोन गाणी इतकी सुरेख झाली की पुढच्या रांगेतले एक गृहस्थ मान डोलवताना चष्मा सांभाळत होते. समेवर सम, मी एकदाही दोनदा बटण दाबलं नाही. मग तिसरं गाणं. जुनं घर सोडून जाणाऱ्या बाईचं, संथ, सगळ्यांत अवघड. आणि तेव्हाच माझ्या कानावर छताचा पंखा पडला.

बेअरिंग गेलेलं. प्रत्येक फेरीला एक टक. माझा लूप एका चालीने, पंखा त्याच्या किंचित मागून, जसं जिन्यात एखादा आपल्या पाठी चालावा आणि त्याचं पाऊल आपल्या पावलावर पडता पडता राहावं. सभागृहात कुणालाच ते ऐकू येत नव्हतं. (तुम्हालाही आलं नसतं. तुमचा दोष नाही.) डब्यावर एक बटण असं आहे की त्यावर बोटाने ठेका धरला की सगळं संगीत त्या वेगाने चालायला लागतं. मी हळूच पंख्याचा ठेका धरला. गाणं केसभर मंदावलं, पंखा आणि लूप एक झाले, आणि मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. तिथे थांबायला हवं होतं. पण दुसऱ्या रांगेतल्या एका बाईंना उकडलं, शिपायाने पंखा वाढवला, आणि माझं बोट मला न विचारता पंख्याच्या मागे धावलं. घर सोडून जाणारी बाई एकदम बस पकडायला निघाल्यासारखी पळू लागली. मौनीची बोटं दिसेनाशी झाली. तुमच्या भाचीने वळून माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी ओळखतो, दादा, तुमच्या घराण्यातली आहे.

मग कुणाला तरी गार वाटलं, आणि शिपायाने पंखा बंद केला.

बंद केलेला पंखा लगेच थांबत नाही हे मी तुम्हाला सांगायला नको. तो रेंगाळला, मी रेंगाळलो, गाणं रेंगाळलं. शेवटी पंखा इतका हळू झाला की त्याहून खाली डबा उतरतच नाही, म्हणून मी सगळं थांबवलं. गाण्याची मात्र एक ओळ उरली होती. ती तिने एकटीने म्हटली. गिटार नाही, मौनी नाही, मी नाही. घरातलं शेवटचं दार ओढून घेतल्याची ओळ होती. एवढी वर्षं हे कान घेऊन फिरतोय, पण तेवढा वेळ मी काय बिघडलंय ते शोधत नव्हतो.

टाळ्या थांबेनात. लोकांना वाटलं असंच बसवलंय. ते चष्मेवाले गृहस्थ तर वेगाच्या या खेळाला काय म्हणतात ते विचारायला आले. मौनी प्रथमच बोलला. म्हणाला, "काका, मजा आली. पुन्हा नको." (आवाज चांगला आहे.) व्यवस्थापकांनी जाताना तुमच्या भाचीचा नव्हे, माझा नंबर मागून घेतला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी स्वतः फोन करून विचारलं, तुम्ही परत कधी येता? एका कार्यक्रमात एवढं नाव कुणाचं होतं, सांगा.

वहिनींना नमस्कार. गुडघ्याला शेक द्या.

तुमचा,
मेहुणा

ता. क. शनिवार तिला मिळाले. सगळे. मात्र तिने ड्रम वाजवणारी एक मुलगी शोधून आणली आहे, आणि डबा स्वतःच्या खोलीत नेऊन त्या वेगाच्या बटणावर चिकटपट्टी मारली आहे. ती कोणाचं ऐकत असेल तर मामाचं. तेव्हा सहज केल्यासारखा एक फोन करा आणि सहज बोलता बोलता म्हणा की निदान एका गाण्याला बाबांना बसू दे. पट्टी असू दे, माझी हरकत नाही. मी कोपऱ्यात बसेन.

ता. क. दुसरा. हे मी लिहिल्याचं तुमच्या बहिणीला कळू देऊ नका. तिने मागून वाचलंच आहे, पण तिला कळलंय हे मला कळलेलं नाही असं चाललं आहे.

ता. क. शेवटचा. त्या व्यवस्थापकांना मी त्याच संध्याकाळी पंख्याचं बोललो होतो, त्यांच्याकडे शनिवारी दुपारी जातो आहे. शिडी त्यांची, बेअरिंग माझं.