पंचमीचे पितर

२८ ऑगस्ट २००१, नाशिक
अखेर नाशिकला स्थिरावलो. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर मिरजेच्या रिकाम्या घरात बसून राहण्यापेक्षा येथील द्राक्ष बागायतदारांच्या संस्थेतील हिशेबनिसाची नोकरी बरी, असे ठरवले. सिडकोत जयराम यांच्या घराची वरची खोली मिळाली. खोली स्वच्छ व हवेशीर असून खिडकीतून पांडवलेण्यांचा डोंगर दिसतो. पत्नी मीनाची तसबीर खिडकीशेजारच्या फळीवर ठेवली. हयात असताना तिला डोंगर पाहणे फार आवडे. खाली जयराम, त्यांची पत्नी तेजल आणि आई भिमाबाई राहतात. तेजलने चहा आणला आणि ‘काका, साखर किती ते आत्ताच सांगा, मागाहून तक्रार चालणार नाही’ असे बजावले. कित्येक महिन्यांनी मोकळेपणाने हसलो.

२ सप्टेंबर
जयरामचे वडील सावळीराम एसटीचे चालक. नाशिक–पेठ गाडीवर त्यांची हयात गेली. घाटातले प्रत्येक वळण तोंडपाठ. उन्हाळ्यात करवंदांचा द्रोण हातात असल्याशिवाय ते घरात शिरत नसत. पन्नाशीनंतर स्मृतिभ्रंश जडला. आधी नावे गेली, मग माणसे, शेवटी घर. सहा वर्षांपूर्वी एका सकाळी खाकी गणवेश चढवून ते बाहेर पडले, ते आलेच नाहीत. खूप शोधले, काही हाती लागले नाही. तेजल हे सांगत असताना भिमाबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘होते नको म्हणू गं. आहेत म्हण.’

५ सप्टेंबर
पितृपक्ष सुरू आहे. यांच्याकडे घरच्या मृतासाठी त्याच्याच वयाच्या, घराबाहेरच्या पुरुषाला पितर म्हणून बसवतात, पाय धुतात, पोटभर जेवू घालतात व निरोप देतात. भिमाबाईंनी आजवर हे होऊ दिले नव्हते. यंदा जयरामने हट्ट धरला आणि सावळीराम गेले ती पंचमीची तिथी धरायचे ठरले. पितर म्हणून मी बसावे, अशी विनंती त्याने संकोचून केली. नाही म्हणण्याचे कारण दिसले नाही.

७ सप्टेंबर
विधी साधाच होता. पाटावर बसलो, भिमाबाईंनी पाय धुतले, गंध लावले. खीर, वडे, अळूची भाजी. निरोपाच्या वेळी घरच्या कारभारणीने ‘जेवलात, तृप्त झालात, आता सुखाने जा’ असे म्हणायचे असते. भिमाबाई वाकल्या आणि मला एकट्यालाच ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाल्या, ‘आलात ना? आता जाऊ नका.’
दुःखी बाईचे बोलणे, म्हणून मी ते कोणाला सांगितले नाही.

९ सप्टेंबर
कचेरीत खुर्चीवर बसल्या बसल्या माझा डावा पाय पुन्हा पुन्हा जमीन दाबत होता. मला वाहन चालवता येत नाही.
संध्याकाळी जेवताना मी जयरामला म्हणालो की शाळेच्या पहिल्या दिवशी तो गाडीच्या मागच्या बाकाखाली लपून थेट पेठपर्यंत आला होता. घास त्याच्या हातातच राहिला. ही गोष्ट त्याने तेजललाही सांगितलेली नव्हती. मग तो रडला, हसला, आणखी सांगा म्हणाला. मी सांगत गेलो. सारे मला आठवत होते.

१२ सप्टेंबर
भिमाबाई चहा घेऊन आल्या. मी अदबीने विचारले, ‘बाई, आपल्याला कुठे उतरायचे?’
कप फुटला. शेवटच्या वर्षात सावळीराम त्यांना हेच विचारीत असत. आधी त्यांच्या आठवणी आल्या. आता त्यांचे विसरणेही येऊ लागले आहे.

१३ सप्टेंबर
मिरजेला परतायचे ठरवून सामान घेतले व बसस्थानकावर गेलो. भानावर आलो तेव्हा पेठच्या गाडीत चालकाच्या जागेवर बसलो होतो. लोक ओरडत होते. जयराम येऊन घेऊन गेला.
मीनाचा चेहरा आठवून पाहिला. डोळ्यांपुढे भिमाबाई आल्या, विशीतल्या, करवंदांनी जांभळे झालेले ओठ. मीनाचा नाही आला.

१५ सप्टेंबर
सावळीरामांचे चुलतभाऊ फकिरा पेठहून आले. त्यांनी भिमाबाईंना समोर बसवून वदवून घेतले की पंचमीला काय बोललीस. मग म्हणाले, ‘तू थांबवलंस, तूच जा म्हणायचं. सर्वपित्रीला बोललीस तर बोललीस. नाय तर हा माणूस गेला म्हणून समज.’ तेजलने सासूचे पाय धरले. भिमाबाई भिंतीकडे पाहत राहिल्या.
मी हात जोडले. म्हणालो, मलाही एक पत्नी आहे. नाव सांगता आले नाही.

१६ सप्टेंबर
खिडकीजवळच्या फळीवर एका बाईंची तसबीर आहे. आधीच्या भाडेकरूची राहिली असावी. द्यायला हवी, कोणीतरी शोधत असेल—

१७ सप्टेंबर, सर्वपित्री
पाटावर बसवले. पाय धुतले. सगळे तिच्याकडे पाहत होते. फकिरा म्हणाला, बोल. जयराम म्हणाला, आई, बोल ना. तिचे ओठ हलले—
नाही बोलली. ‘सहा वर्षं वाट पाहिली रे,’ एवढेच.

दुपार
आठवले. त्या दिवशी मी घाटात पायी गेलो. कठडा संपतो तिथे माझी गाडी उभी होती. दरीवर, अधांतरी. दार उघडे, आत सगळे प्रवासी बसलेले. आजही आहे. खोळंबले आहेत.
जयरामने बाहेरून कडी लावली होती. कोणीतरी काढली—
दारात एक बाई. हातात खाकी सदरा, इस्त्री केलेला. नवी साडी नेसली आहे. म्हणते, या खेपेला मी सोबत येते.
ओळखीची वाटत नाही. पण प्रवाशाला नाही म्हणायचे नसते. म्हटले, या, पुढे बसा. बाई, आपल्याला कुठे उतर—