बाबांच्या कानांनी नापास केलेली नाणी

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. (समोर आल्यावर मी जेमतेम कमरेत वाकते, हे तुला माहीत आहे. पत्रात पाठ दुखत नाही, म्हणून साष्टांग.) तुझा गुडघा कसा आहे? जिना उतरताना अजून कुरकुरतो का? मागे सांगितलेलं तेल लावतेस की बाटली नुसती खिडकीत ठेवून तिच्याकडे बघतेस? इकडे सगळे खुशाल आहेत. हे वाक्य मी एकदा लिहून खोडलं, कारण ते पुरतं खरं नाही. मग पुन्हा लिहिलं, कारण ते पुरतं खोटंही नाही. विम्याच्या कचेरीत दावे तपासता तपासता माझं असं झालंय. कुणी "बरा आहे" म्हटलं तरी मी पुरावा मागते. बाबा मला घरात "चौकशी कमिशन" म्हणतात, ते तुला ठाऊक आहेच. आजचं पत्र त्या कमिशनाचा अहवाल समज.

सुरुवात बाबांच्या खिशापासून झाली. तुझे धाकटे बंधू जन्मभर लोकांच्या पँटींना खिसे लावत आले. स्वतःच्या उजव्या खिशाला भोक पडलं तर तिथे मात्र चार टाके घालायला त्यांना सवड नाही. (गिऱ्हाइकाचं काम आधी, हे त्यांचं तत्त्व. तत्त्व उत्तम आहे, फक्त त्यातून नाणी गळतात.) परवा ते कोपऱ्यावरच्या बेकरीतून ब्रेड घेऊन निघाले आणि खिशातली मोड पँटीच्या पायातून एकेक करून रस्त्यावर उतरायला लागली. बेकरीवाल्या बाईंनी गल्ल्यावरून हाका मारल्या, "मास्तर! अहो मास्तर, पैसे सांडतायत!" मास्तर ढिम्म. बाई पदर खोचून मागे धावल्या, वाटेत नाणी वेचत गेल्या आणि वळणावर त्यांनी बाबांच्या खांद्याला हात लावला. बाबा एवढे दचकले की ब्रेडही नाण्यांच्या वाटेने गेला. वर त्या बिचाऱ्या बाईंनाच म्हणाले, "एवढ्या हळू कशाला बोलता?"

मी घरी विषय काढला, की कानांच्या डॉक्टरांना एकदा दाखवू या. झालं! कात्री टेबलावर आपटली. (ती मात्र त्यांना ऐकू आली असावी.) म्हणाले, "नाणं पडलं की बोललं पाहिजे. पूर्वीची बोलायची. हल्लीच्या सगळ्या पत्र्याच्या टिकल्या, मुक्या! मुकी नाणी आणि डॉक्टर माझ्या कानांना?" बरं, मग बाईंच्या हाकांचं काय, असं मी विचारलं. त्यावर बाईंचा घसा बसलाय, असा निर्णय मिळाला. आमच्या ह्यांनी मध्येच तोंड घातलं, "म्हणजे नाणी मुकी, बाईंचा घसा बसलेला, दाराची घंटा कालपासून रुसलेली. बाबा, या गल्लीत धडधाकट असे तुम्ही एकटेच उरलात." बाबा म्हणाले, "हो हो, होऊन जाईल." ह्यांचं बोलणं त्यांना ऐकू आलंच नव्हतं.

आत्या, मला हसू आलं, पण ते टिकलं नाही, कारण हे "हो हो, होऊन जाईल" दुकानात फार महागात पडतंय. स्टेशनसमोरच्या हॉटेलचे कपडे बाबांकडे शिवायला असतात. दुकान चालतं ते त्या कामावर, बाकी सगळी किरकोळ पँटी आखूड करण्याची कामं. हॉटेलच्या मॅनेजरने मागच्या खेपेला मशीनच्या घरघरीत सांगितलं, की सोनेरी बटणं फक्त दरवानाच्या कोटाला, वेटरांच्या कोटांना साधी. बाबांनी मान डोलावली आणि यच्चयावत वेटरांना सोनेरी बटणं लावली. आता पाहुणे हॉटेलात शिरले की वेटरांच्या हातात बॅगा देतात, आणि दरवानाकडे कुणी बघत नाही म्हणून तो रुसून बसलाय. मॅनेजर भला माणूस. त्याने आरडाओरडा केला नाही. (केला असता तर बरं झालं असतं, बाबांना निदान ऐकू आलं असतं.) तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, सोमवारी नवी ऑर्डर सांगायला येतो. या वेळी चूक झाली तर मला पलीकडच्या टेलरकडे जावं लागेल. मास्तरांना तुम्हीच सांगा, मला बोलवत नाही." सांगायचं तर मलाही बोलवत नाही. पण सोमवारच्या आत बाबांना डॉक्टरांकडे न्यायचंच, असं मी त्या रात्री डायरीत लिहिलं आणि खाली रेघ ओढली.

बाबांनी आव्हान दिलं. "नाणं चांगलं वाजतंय आणि तरी मला ऐकू येत नाही, असं सिद्ध कर, कमिशन. मग तू म्हणशील तिथे येतो." मी हो म्हटलं. आता एखादी शहाणी मुलगी तेवढ्यावर थांबली असती. मला मात्र शंका आली, की म्हातारा माणूस म्हणतो ते अर्धं खरं असलं तर? नाणी खरंच मुकी झाली असतील आणि मी उगाच बापाला बहिरा ठरवत असेन, तर? आपलंच नाणं खोटं आहे का, हे आधी बघावं, म्हणून घरातली सगळी मोड जमवून मी स्वयंपाकघरात बसले.

पहिला प्रयोग फसला, कारण मी नाणी टेबलावरच्या जाड कपड्यावर टाकली. त्यावर घंटा टाकली असती तरी ती ठप्पच झाली असती. दुसऱ्यात नाणी फरशीवर टाकली; ती फ्रिजखाली गेली, आणि ती काढायला आडवी झाले तेव्हा तुझ्या वाट्याचा साष्टांग फ्रिजला घातला गेला. मग कॉलेजातलं विज्ञान थोडं आठवलं. नाणं वाजतं म्हणजे ते आपल्याला दिसणार नाही इतकं बारीक थरथरतं. मुठीत धरलं तर थरथर तिथेच मरते. म्हणून नाणं बोटाच्या टोकावर मधोमध तोललं आणि कडेला पेन्सिलीने टिचकी मारली. आणि आत्या, तुझ्या भावाच्या शब्दाला अर्धा मान द्यावा लागला! एकाच धातूचं पातळ पांढरं नाणं "टिण्ण्ण" करून कितीतरी वेळ गुणगुणत राहिलं. बाहेर पिवळं कडं आणि आत पांढरी टिकली असलेलं जाड नाणं "ठक्" म्हणून गप्प. ते दोन तुकडे एकमेकांत दाबून बसवलेले असतात. थरथर एका तुकड्यातून दुसऱ्यात जाताना सांध्यावर घासते आणि विरते. तडा गेलेली कपबशी बद्द वाजते, तसंच काहीसं. (सगळीच दोन तुकड्यांची नाणी मुकी नसतात. आमच्यातलं एक बऱ्यापैकी वाजलं. ते मी प्रामाणिकपणे बाजूला ठेवलं.) धातू बदलला की आवाज बदलतो, जाडी बदलली की बदलतो, आकार बदलला तरी बदलतो. नाणं लहान असलं की सूर सहसा उंच लागतो. तेव्हा बाबांच्या बाजूने एवढं नोंदवते की काही नाणी खरोखरच मुखदुर्बळ आहेत.

दुसऱ्या दिवशी दुकानात जाहीर परीक्षा. बाबा भिंतीकडे तोंड करून स्टुलावर, मी कापायच्या लाकडी टेबलाशी, नाणी टाकायला आमचे हे. आवाज आला की बाबांनी हात वर करायचा. पहिलं नाणं पडलं, हात वर. दुसरं पडलं, हात वर. तिसरं, चौथं, पाचवं, एकही चुकेना. माझा चेहरा पडला. (आणि इथे मी स्वतःला धारेवर धरलं. बाबांचे कान शाबूत निघाले तर मुलीने आनंदायला हवं; माझा चेहरा का पडावा? मला त्यांचं भलं हवंय, की माझं म्हणणं खरं व्हायला हवंय? डायरीत यावर दोन पानं आहेत, ती तुला पाठवत नाही.) तेवढ्यात ह्यांच्या हातून नाणं सुटायचं राहिलं, हात नुसताच खाली आला, आणि बाबांनी तत्परतेने हात वर केला. मी भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर गिऱ्हाइकाने कोट घालून बघायचा तो पुरुषभर उंचीचा आरसा! तुझे बंधू त्यात आमची नाणी बघत बसले होते. हातच्या कांकणाला नसेल, पण या परीक्षेला आरसा होता. मी म्हटलं, "बाबा, ही कॉपी आहे." ते म्हणाले, "दुकान माझं, आरसा माझा."

आरशावर मी हॉटेलच्या कोटांचं अस्तर टाकलं आणि परीक्षा पुन्हा घेतली. या वेळी जे झालं ते मला अजून नीट पचलेलं नाही. दोन तुकड्यांचं मुकं नाणं टेबलावर पडलं, की बाबांचा हात वर! पातळ, एकाच धातूचं, गोड वाजणारं नाणं पडलं, की हात मांडीवर. आम्ही क्रम बदलला, पुन्हा टाकली, तेच. शेवटी बाबा वळून विजयी मुद्रेने म्हणाले, "बघ. हे दोन तुकड्यांचं तेवढं जरा बोलतं. बाकीची एकजात मुकी." सगळं उलटं! जी नाणी माझ्या कानांनी पास केली ती त्यांनी नापास केली, आणि जे नापास ते पहिल्या नंबराने पास. मी टेबलाशी उभी राहून विचार केला तेव्हा उलगडलं. जाड नाणं जड. ते पडल्यावर टेबलाचं लाकूडच ठोकल्यासारखं वाजतं, आणि तो जाडा आवाज बाबांना पोचतो. पातळ नाण्याचा सूर उंच, आणि वय झालं की कान आधी उंच सूर सोडतात. बेकरीवाल्या बाईंचा आवाजही तसाच बारीक आहे.

हे सगळं मी बाबांना सांगितलं, मोठ्याने आणि हळूहळू. त्यांनी स्टूल माझ्याजवळ ओढलं. मग म्हणाले, "ते बोटावरचं दाखव." मी पातळ नाणं बोटावर तोलून टिचकी मारली. ते माझ्या हाताकडे बघत नव्हते. जावयाच्या चेहऱ्याकडे बघत होते. विचारलं, "वाजतंय?" हे म्हणाले, "हो." "अजून?" "हो बाबा, अजून." "आता?" "आता थांबलं." बाबा म्हणाले, "बरंच वाजतं की." आणि चष्मा काढून पुसायला लागले. आत्या, मी जिंकले होते, पण "बघा, मी म्हणत होते ना" हे वाक्य मी तिथे गिळलं, आणि अजून ते घशात आहे.

थोड्या वेळाने त्यांनी डॉक्टरांकडे यायचं कबूल केलं. फक्त एक अट घातली. ती पत्राच्या ऐन मजकुरात लिहायचा धीर होईना, म्हणून खाली लिहिते. गुडघ्याची काळजी घे. धाकट्यांना आशीर्वाद, थोरांना नमस्कार, आणि तेलाच्या बाटलीला गती मिळो.

तुझी चौकस भाची

ता. क. १ : अट अशी, की "ताई आधी." ताई म्हणजे तू. बाबा म्हणतात, जन्मात कुठलीही गोष्ट मी ताईच्या आधी केलेली नाही. शाळेत ती आधी गेली, सुई तिने आधी टोचून घेतली, चष्मा तिने आधी लावला. कानांचा डॉक्टरही ताईच आधी बघेल. एवढं बोलून ते निवांत झाले, कारण तू काही केल्या येणार नाहीस याची त्यांना खात्री आहे.

ता. क. २ : ही निव्वळ पळवाट, असं मलाही आधी वाटलं. तुझ्या कानांना काय झालंय! मग आपलं फोनवरचं बोलणं आठवलं. गेलं वर्षभर तू फोनवर मला बोलूच देत नाहीस. "हॅलो" म्हणेपर्यंत तू गुडघ्यावर असतेस, मग शेजारीण, मग नळाचं पाणी, आणि मी तोंड उघडलं की "चल, ठेवते." मला वाटायचं, आत्याचा स्वभाव बोलका. आता वाटतं, ती युक्ती आहे. ऐकावंच लागू नये म्हणून सगळं आपणच बोलून टाकायचं. खोटं असेल तर माझे कान धर. म्हणून हे पत्र. फोनवर यातलं एक वाक्यही तू मला पुरं करू दिलं नसतंस.

ता. क. ३ : शनिवारची वेळ घेतली आहे. डॉक्टरांच्या वहीत तुझं नाव आधी, बाबांचं त्याखाली. शुक्रवारी संध्याकाळी हे गाडी घेऊन तुझ्या दारात उभे राहतील. गुडघ्यासाठी पुढची सीट मागे सरकवून ठेवली आहे. यायचं नसेल तर जरूर फोन कर, वाटेल तेवढं रागाव. मी प्रत्येक वाक्याला "काय? काय म्हणालीस?" म्हणणार आहे. आपल्या घराण्यात ते कुणालाही खरं वाटेल.