दोन विहिणी एका कुंडात

॥ श्री ॥
जपान, १९ जानेवारी २०१८

चि. सौ. हौसा हिला अक्काचा आशीर्वाद. विठू भावजींना नमस्कार.

पत्र तेच वाचून दाखवणार, म्हणून पहिली ताकीद त्यांना. भावजी, पेपर वाचताना तुम्ही मधलं गाळून एकदम शेवटाला उडी मारता, तसं इथे करायचं नाही. सगळं वाचायचं, आणि मोठ्यानं. हौसाला वाचता येत नाही म्हणून तिच्या वाटचं पत्र अर्धं व्हायचं कारण नाही.

मी खुशाल आहे. तुम्ही म्हणाल, फोन असताना पत्र कशाला? पण हौसा फोनवर बोलते कुठे? मी काही विचारायला गेले की "अक्का, रेंज नाय गो" म्हणते आणि ठेवून देते. आपल्या ओट्यावर रेंज असते हे मला ठाऊक आहे. शिवाचा मित्र परवा निघतोय, त्याचं घर रोह्याला. तो हे पाकीट घरी आणून देईल.

वालाच्या शेंगा भरल्या असतील. पोपटी लावली का, मडक्यात शेंगा भाजून? इथे मडकं नाही, भांबुर्डीचा पाला नाही आणि वाल तर कुणी ऐकलेला नाही. शिवाला म्हटलं, तू इथे राहतोस तरी कसा? तर हसतो.

आता मुख्य बातमी. शिवा आणि सूनबाई आयुमी मला डोंगरातल्या एका गावी घेऊन आलेत. गावाचं नाव माझ्या जिभेवर बसत नाही. गरम पाण्याचे झरे आहेत आणि झऱ्याकाठी जुन्या पद्धतीची उतारूंची घरं. आमच्याबरोबर विहीणबाईही आल्या आहेत. लग्न जपानात झालं, आपल्यापैकी कुणाला जाता आलं नाही, म्हणून मानपान असा झालाच नव्हता. तो आता पाण्यात करायचा, असं आयुमी म्हणाली. तिचं मराठी तू ऐकायला हवंस. "आई, तू बसा" म्हणते.

घर लाकडाचं. चपला दारातच काढायच्या, हे आपल्यासारखंच. खाली गवताच्या जाड चटया. खाट नाही, टेबल गुडघ्याएवढं. संध्याकाळी कपाटातून गाद्या काढून जमिनीवर घालतात. साऱ्या जगात पैसेवाले खाटेवर झोपतात, आणि इथे जमिनीवर झोपायला पैसे देऊन येतात. जेवण खोलीत आणून देतात. इतक्या वाट्या की मी मोजायचं सोडलं, आणि प्रत्येकीत घासभर. आपली हंडीभर पोपटी त्यांच्यापुढे ठेवली तर बायका घाबरतील.

अंगात घालायला सुती झगा देतात, पुढून एकावर एक घेऊन पट्ट्यानं बांधायचा. मी बांधून बाहेर आले तर वाढायला आलेली बाई ताट खाली ठेवून धावत आली आणि माझा पट्टाच सोडायला लागली. मी तिचा हात धरला. मग आयुमीनं सांगितलं, डावी बाजू वर घ्यायची असते. उजवी वर घेतात ती मेलेल्या माणसाची. मी मुकाट्यानं बदलून घेतलं. हसायची गोष्ट होती, सगळे हसलेही. मला मात्र त्या वेळी तूच आठवलीस.

आंघोळीची तऱ्हा सांगते. भावजी, लाजू नका, वाचा. इथे बायकांचं कुंड वेगळं, पुरुषांचं वेगळं, आपल्या उन्हेऱ्याच्या गरम कुंडांसारखंच. पाण्याला वासही तोच, गंधकाचा. पण उन्हेऱ्याला आपण लुगड्यासकट उतरतो, आणि इथे अंगावर एक सूत ठेवायचं नाही. आधी बाहेर बसून अंग घासून धुवायचं, मग पाण्यात शिरायचं. मी शिवाला सांगितलं, मी खोलीतच बादली घेऊन बसते.

माझी सुटका झाली ती गोंदणामुळे. माझ्या हातावरचं तुळशीवृंदावन पाहून गल्ल्यावरचा माणूस शिवाशी हळू आवाजात बोलायला लागला. इथे गोंदवलेल्या माणसाला मोठ्या कुंडात घेत नाहीत. पूर्वी गुंड लोक अंगभर गोंदवून घ्यायचे म्हणे. साठी उलटली, आजवर मला तोंडावर कुणी गुंड म्हटलं नव्हतं. भावजी मनात म्हणत असतील ते वेगळं. शेवटी शिवानं आमच्यासाठी एक खाजगी कुंड घेतलं. दगडी, चार माणसं मावतील एवढं, भोवती बांबूचं कुंपण, दाराला आतून कडी. वर आभाळ उघडं आणि कुंपणावर बर्फ.

हौसा, तुझं गोंदण आठवतं का? तू माझी धाकटी जाऊ होऊन आलेली नवी नवरी होतीस. गोंदणारीण दारात बसली आणि सुई बघून तू माजघरात पळालीस. मग आधी मी हात पुढे केला. मला बघून तू बसलीस, आणि माझंच बोट पिरगाळून ठेवलंस. तेव्हापासून आपलं असंच. आधी मी, मग तू.

तर पाण्यात मी, आयुमी आणि विहीणबाई. त्यांचं नाव सातोको. माझ्याहून थोड्या मोठ्या, बारीक चणीच्या, शिस्तीच्या. मी हातरुमाल छातीशी धरून कोपऱ्यात बसले होते. त्यांनी आपला रुमाल घडी करून डोक्यावर ठेवला आणि सरळ पाण्यात आल्या.

त्यांच्या अंगाला डावीकडे छाती नाही. सपाट आहे. काखेपर्यंत वण गेलाय, गोधडीच्या शिवणीसारखा.

कुठे बघावं ते मला कळेना. मी बर्फाकडे बघत राहिले. त्याच हसल्या आणि आयुमीला म्हणाल्या, सांग त्यांना. आयुमी तुकड्यातुकड्यानं सांगत गेली. गाठ होती. दुखत नव्हती, म्हणून वर्षभर कुणाला सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. डॉक्टर म्हणाले, आधी आली असतीस तर गाठ तेवढी काढून भागलं असतं. नंतर पहिल्या खेपेला त्या अशाच बंद कुंडात आल्या होत्या. आता मोठ्या कुंडात सगळ्या बायकांमध्ये बसतात. या खेपेला पुन्हा कडी लावून बसावं लागलं ते माझ्या गोंदणापायी, असं म्हणून त्या इतक्या हसल्या की मलाही हसू आलं. मग मी हातातला रुमाल बाजूला ठेवला. त्यांनी माझी पाठ घासली, मी त्यांची. झाला मानपान.

पाठ घासताना माझा हात काखेपाशी थांबला, आणि मला दिवाळीची पहाट आठवली.

दर पहिल्या आंघोळीला मी तुला तेल लावते. यंदाही लावलं. तुझी पाठ चोळत हात पुढे गेला आणि तू एकदम आखडलीस. दार लोटून मला म्हणालीस, "अक्का, कुनाला सांगशील तर तुला शिवाची शपथ हाय. ह्यांना तर नायच नाय." मी म्हटलं, दवाखान्यात दाखवू. तर म्हणालीस, "मला काय दुखत नाय. त्या डॉक्टरपुढं अंग उघडं टाकू व्हय?" शपथ घालताना तू बरोबर नेम धरलास. नवसानं झालेला एकच मुलगा माझा. मी गप्प बसले. विमानतळावर तुला पुन्हा विचारलं, तर तू माझ्या पिशवीत लोणच्याची बरणी कोंबत राहिलीस.

मी भित्री आहे, हौसा. ही शपथ मोडायला माझा जीव धजत नव्हता. काल जेवताना शिवाला विचारलं, कशाला ते विचारू नकोस, पण मी तुझी शपथ मोडली तर चालेल का? तो म्हणाला, "आई, लहानपणी तुझी शपथ घेऊन मी किती खोटं बोललोय. तुला कधी शिंक तरी आली का?" तो पुन्हा वाटीत डोकं घालून जेवायला लागला. मी मात्र त्याच्याकडे बघत बसले. धडधाकट आहे माझा मुलगा. त्याला काही होणार नाही. जे व्हायचं ते दुसऱ्याच कुणाला तरी होतंय, आणि मी त्याच्या नावानं तोंड बांधून बसले आहे.

भावजी, थांबला असाल तर थांबू नका. हौसाच्या डाव्या काखेखाली गाठ आहे. दिवाळीला सुपारीएवढी होती, आता किती आहे ते तिला ठाऊक. तिच्यावर ओरडू नका. तुमचे दादा गेल्यापासून या घरात मला कुणी एकटं पडू दिलं नाही, ते हिनं. पेणला बाईडॉक्टर आहे, स्वभावानं चांगली आहे. पत्र घडी घालून ठेवा आणि उद्या सकाळची एस.टी. धरा. येताना वडखळला उतरून तिला गरम काहीतरी खाऊ घाला. दवाखान्यातून आल्यावर तिला भूक लागते आणि ती सांगत नाही.

हौसा, आता तू पत्र हिसकावून घेशील. घे, त्यांच्या वाटचं वाचून झालंय. मग उरलेलं वाचायला त्यांनाच परत दे.

रागावशील माझ्यावर. रागाव, पण पेणला जाऊन ये आणि मग रागाव. सुईच्या वेळी मी आधी हात पुढे केला होता. या वेळी ते माझ्या हातात नाही, नाहीतर तुझ्याआधी मीच जाऊन बसले असते. म्हणून विहीणबाईंना पुढे करते. त्या तुझ्यासाठी एक पांढरा रुमाल देताहेत, डोक्यावर घडी करून ठेवायचा तसला. पाकिटात घातला आहे. आयुमीला मी सगळं सांगितलं, तिनं त्यांना सांगितलं. म्हणजे तुझी शपथ आता जपानातही मोडली.

माझं महिन्याअखेरचं तिकीट शिवा आधीचं करून घेतोय. मी आले की आधी तुझ्याकडून "शपथ सुटली" म्हणवून घेणार. तू म्हणाल्याशिवाय ओट्यावर पाय ठेवणार नाही, अंगणात बसून राहीन. गावाला काय वाटायचं ते वाटो.

येत्या दिवाळीच्या पहाटे तेलाची वाटी घेऊन तुझ्या पाठीशी बसणारी,

तुझी अक्का