बंदूक पॅनेल, करंट पॅनेल आणि जंतू पॅनेल

मु. तलवाडा, ता. गेवराई
अधिक आषाढ, टँकरचे साल

आमचे जावई, त्यातून शास्त्रज्ञ, म्हणजे दुहेरी मानाचे बद्रीनाथराव यांना सासरे सुंदररावांचा रामराम. तुमची, चि. आशामतीची आणि प्रयोगशाळेतल्या बाटल्यांमधल्या रोपांची तब्येत उत्तम असेल. इकडे आम्ही ठीक आहोत, म्हणजे टँकर दिवसाआड येतो, म्हशी रुसलेल्या आहेत आणि माझी गावच्या शेतकी सोसायटीची चेअरमनकी तुमच्यामुळे जायला निघाली आहे. रविवारी मतदान. (फोनच केला असता, पण फोन तुमच्या सासूबाईंकडे असतो आणि विषय नेमका त्यांचाच आहे.)

तुमची चूक नाही. धोंड्याच्या महिन्यात जावई घरी आला की त्याला पुरणाचे धोंडे खाऊ घालावेत, हातात चांदीचं काहीतरी ठेवावं आणि गाडीत बसवून द्यावं, एवढीच रीत आहे. जावयाला भाषण करायला लावावं असं कोणत्याही पोथीत लिहिलेलं नाही. पण निवडणूक तोंडावर, पाऊस बेपत्ता, आणि माझा जावई पिकांचे जीन इकडचे तिकडे करतो हे गावाला दाखवायची मला हौस! म्हणून तुम्हाला जेवणावरून उठवलं आणि थेट सोसायटीच्या गोदामात उभं केलं. तुम्ही बोललातही छान. ज्वारीतला तहान सोसायचा गुण कपाशीत न्यायचा तर त्याच्या तीन वाटा सांगितल्या. पहिली, मातीत एक जंतू असतो, आपले जीन झाडाच्या पेशीत घुसवायची त्याला मूळचीच खोड. त्याच्यातला रोग काढायचा आणि आपला माल भरायचा. दुसरी, सोन्याच्या अगदी बारीक कणांना जीन माखायचे आणि बंदुकीने पेशींवर मारायचे. तिसरी, पेशींना क्षणभर विजेचा झटका द्यायचा, म्हणजे त्यांना भोकं पडतात आणि जीन आत शिरतो. 'हे सगळं प्रयोगशाळेतच, आणि जमलं तर वर्षानुवर्षांनी' असंही तुम्ही म्हणालात, पण तेवढ्यात चहा आला होता.

आता आपल्या गावात तीन वाटा सांगितल्या की तीन पॅनेलं होणारच. (देवळाला चुना लावायचा की ऑइलपेंट, यावरसुद्धा दोन झाली होती.) तुमची एसटी फाट्याच्या पुढे गेली नसेल, तोच राधाकिशनने बंदूक पॅनेल जाहीर केलं. हा माझा जुना विरोधक. त्याच्याकडे रानडुकरं पळवायची ठासणीची बंदूक आहे, हीच त्याची पात्रता. सोनं द्यायला बायको तयार होईना, म्हणून त्याने घरचं पितळी घंगाळ कानशीने घासलं, तो कीस ज्वारीच्या पिठात कालवला आणि भर सभेत कपाशीच्या रोपावर बार काढला. धूर निवळला तेव्हा रोप जागेवर नव्हतं. मागे दोरीवर वाळत घातलेल्या त्याच्या वडिलांच्या धोतराची मात्र चाळणी झाली होती. राधाकिशन ओरडला, "गेला का न्हाई जीन आत?" म्हातारा धोतर उजेडात धरून म्हणाला, "आत कुठला बे, आरपार गेला!"

करंट पॅनेल मुंजाजी वायरमनचं. त्याने कपाशीच्या कुंडीला दोन वायरी जोडल्या आणि लोडशेडिंग सुरू झालं. लोक बसून राहिले, कुणी भजन धरलं. शेवटी वायर ढिली आहे का बघायला मुंजाजी वाकला, तेव्हाच लाइट आली. तो सुखरूप आहे, पण त्याचे केस अजून खाली बसायला तयार नाहीत. कपाशीचे जीन उलटे मुंजाजीत शिरले, असा प्रचार त्याचीच माणसं करताहेत, आणि म्हाताऱ्या त्याच्या कानामागे बोंडं आलीत का ते बघून जातात.

मी मात्र निवांत होतो. दोन्हीकडे मान हलवायची आणि खुर्ची राखायची, हे माझं धोरण. जंतूच्या नावाने मतं मागायला कोण धजणार? तर अर्ज भरला तुमच्या सासूबाईंनी! विमलबाईंनी! हातपंपावर पहिली सभा घेतली (हंडे लावून बायका तिथे असतातच) आणि म्हणाल्या, "बंदूक न्हाई, करंट न्हाई. गपचिप घरात शिरायचं आन् हळूहळू समदं आपल्यासारखं करून घ्यायचं. बायांनो, लग्न होऊन आलो तवापासून आपण दुसरं काय केलंय?" बायकांनी हंडे बडवले. आणि आपली मतं वाढावीत म्हणून या बायकांच्या नावावर सोसायटीचे शेअर आम्हीच घेऊन ठेवलेत, बद्रीनाथराव!

आशामतीला आशीर्वाद सांगा.

आपला,
सुंदरराव, चेअरमन (तूर्त)

ता. क. शनिवारपर्यंत या आणि जंतूची पद्धत कपाशीवर अजिबात चालत नाही, असं लाउडस्पीकरवरून सांगा. खोटं आहे हे मला कळतं. पण मी सासरा आहे.

ता. क. २ पत्र खिशातच राहिलं. येऊ नका. काल ऊसतोडीला जाणाऱ्या वच्छलाबाईने भर सभेत विचारलं, "हे समदं करायचं कावून?" राधाकिशन बंदूक पुसू लागला, मुंजाजी वायर गुंडाळू लागला आणि मी चहा मागवला. विमलबाई म्हणाल्या, "कमी पाण्यावर पीक उभं राहिलं, तर तुजं लेकरू उसाच्या फडावरल्या कोपीत न्हाई, शाळेत बसंल. दहा वर्षं लागली तरी आमी इचारीत राहू." मला लाज वाटली आणि त्याहून जास्त अभिमान वाटला. मी तिथल्या तिथे माघार जाहीर केली.

ता. क. ३ पत्र अजून खिशातच. बाई निवडून आल्या. चेअरमनबाईंचा नवरा म्हणून कारभार आपणच बघू, असा माझा हिशेब होता. सगळीकडे तसंच चालतं. पहिल्याच मीटिंगला त्यांच्या शेजारी खुर्ची ओढली, तर 'सर्व नवऱ्यांनी बाहेर बसावे व चहाचे बघावे' हा ठराव एकमताने मंजूर झाला. तरी मला चार दिवस तिकडे बोलवून घ्या. पत्र माझ्या नावाने नको, चेअरमनबाईंच्या नावाने पाठवा आणि 'शास्त्रीय कामासाठी' असं लिहा, म्हणजे रजा मिळेल.