गुलाबचा दाखला

भंडारा,
१४ नोव्हेंबर १९८३

चि. गुलाब हिस,

आत्याचा आशीर्वाद. गुडघे सोडले तर मी ठीक आहे. करडी गावच्या शेतातलं धान कापून झालं. तुझा बाप परवा नवे तांदूळ घेऊन आला, तेव्हा त्याला तुझं पत्र वाचून दाखवलं. ताराचंद म्हणतो, "ताई, पोरीले खाणीत उतरू देत नाही, मग तिथं बसून काय करून राहिली?"

मी म्हटलं, "खाली उतरणाऱ्यांच्या चुका काढून राहिली."

बाईनं खाणीत उतरायचं नाही, असा म्हणे कायदा. आपल्या चिखल्याच्या खाणीवर बाया दिवसभर डोक्यावरून मँगनीजची टोपली वाहतात, त्यांच्या माना कायद्याला दिसत नाहीत! आणि तू तेरा वर्षं खाणीच्या तोंडाशी बसून, आकाशातून येऊन जमिनीत खोल शिरणाऱ्या सूक्ष्म कणांचे, खालच्या यंत्रांनी मोजलेले आकडे तपासतेस. तीन नंबरचं यंत्र जादा मोजतंय, उघडून बघा, म्हणालीस तर साहेब विचारतात, "खाली कधी गेलात का?" ताप मोजायला डॉक्टरनं आधी तापानं फणफणायचं असतं वाटतं!

राजीनामा देऊन इथल्या कॉलेजात शिकवायला येतेस म्हणे. अर्जाला माझा दाखला हवा, तीस तारखेच्या आत.

साहेबांनी तुझी जुनी फाईल काढून वाचून दाखवली, तेही कळलं. 'आज्ञाधारक, शांत, अक्षर सुंदर. नोंदी ठेवण्यास योग्य.' तेव्हा नोंदी ठेवा, वाद घालू नका, असं वर म्हणाले. हे कुणी लिहिलं असेल, असं तू विचारतेस.

वैनगंगेला यंदा पाणी चांगलं आहे. कारध्याच्या नदीकाठची वाळकं मला फार आवडायची.

मी लिहिलं, गुलाब.

सत्तर साली तुला नोकरीवर घेण्याआधी तिथून तुझ्या शाळेची मुख्याध्यापिका म्हणून मला गोपनीय विचारणा आली होती. मी कॉन्व्हेंट सोडताना मदरनं माझ्या दाखल्यात हेच शब्द लिहिले होते. मला तो मोठा मान वाटे. तोच मजकूर मी तुझ्यासाठी उतरवला. मुलीचं याहून वेगळं कौतुक कसं करतात, मला माहीत नव्हतं.

हे खोटं आहे. माहीत होतं.

नववीतला लंबकाचा प्रयोग आठव. सगळ्या मुलींनी पुस्तकातलं उत्तर उतरवलं. तुझं एकटीचं वेगळं. मी तुला तास संपेपर्यंत उभं केलं. तू म्हणालीस, "बाई, घड्याळच चुकतंय." शाळेत आत्या म्हणायची नाहीस. सगळ्या गेल्यावर मी ते स्टॉपवॉच माझ्या घड्याळाशी लावून पाहिलं. मिनिटाला चार सेकंद मागं पडत होतं. दुसऱ्या दिवशी गुपचूप बदललं. तुला काही बोलले नाही. आणि चार वर्षांनी तुला 'आज्ञाधारक' म्हणून मोकळी झाले.

कॉलेजसाठी वेगळा दाखला मी लिहिणार नाही. एकच लिहिलाय. मूळ प्रत आज सकाळीच तुझ्या साहेबांना रजिस्टर पोस्टानं गेली. तुला विचारलं नाही. रागव. नक्कल सोबत आहे:

'१९७० चा माझा दाखला चुकीचा होता. ही मुलगी आज्ञाधारक नाही. यंत्र चुकतंय असं ती म्हणत असेल, तर ते उघडून पाहावं. शाळेत ती असंच म्हणाली होती, तेव्हा मी तिला शिक्षा केली. ती बरोबर होती.'

हा वाचूनही इथं यावंसं वाटलं तर ये. कॉलेजला हाच दाखला दे.

आता बस, पोरी. फार वेळ उभं ठेवलं तुला.

तुझी
सत्यभामा आत्या