नुन्त्सियाताने वरच्या मजल्यावर रांधावं म्हणून

मी सावेरिओ मुराका, वय एकोणसत्तर, जन्म इटलीतल्या कालाब्रियातला, धंदा फरशी बसवण्याचा, तेवीस वर्षांपासून राहणार टोरांटो, हे माझ्या हाताने लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. याआधी मृत्युपत्र केलेलं नाही, कारण देण्यासारखं काही नव्हतं.

१. बँकेतली सगळी शिल्लक पत्नी नुन्त्सियाता हिला. पगाराचं प्रत्येक पाकीट मी न फोडता तिच्या हातात दिलं, त्यामुळे किती आहे ते तिलाच विचारावं.

२. थाप्या, पाणसळ आणि घासायचं यंत्र मुलगी इदा हिला. जावई दातांचा डॉक्टर आहे, गुणी आहे, पण त्याने बसवलेली न्हाणीघराची फरशी मी पाहिली आहे. त्याने हत्यारांना हात लावू नये.

३. मेहुणा कोझिमो माझ्या द्राक्षदारूला वीस वर्षं आंबट म्हणत आला. तळघरातलं भरलेलं पीप त्याला. त्याला साक्षीदार व्हायचं होतं, पण वकिलाकडे काम करणारी इदा म्हणाली, "मामा, ज्याला काही मिळतं त्याने सही करायची नसते." कोझिमोने क्षणभर विचार केला. "मग सही राहू दे," तो म्हणाला.

४. घर नुन्त्सियाताचं. मात्र एक अट आहे.

घर घेतलं तेव्हा वरच्या मजल्यावर मी नवंकोरं स्वयंपाकघर केलं. फरशी अशी बसवली की सांधा शोधून सापडू नये. आमच्या लोकांच्या रीतीप्रमाणे रोजचं रांधणं तळघरात, वरचं पाहुण्यांसाठी. माझी आई गावाहून येणार होती. मी नुन्त्सियाताला बजावलं, "आई येईपर्यंत इथे काही शिजवू नकोस." तिकीट पाठवलं आणि त्याच महिन्यात आई गेली. मी रडलो, पण बंदी उठवली नाही. त्यानंतर कोणताच पाहुणा मला तेवढा मोठा वाटला नाही. नुन्त्सियाता अठरा वर्षं तेरा पायऱ्या चढत-उतरत राहिली. जानेवारीत ती उकळतं पातेलं घेऊन घसरली आणि तिचं मनगट मोडलं. चूक माझी आहे. तिची क्षमा मागतो.

म्हणून माझ्या पश्चात तिने वरच रांधावं. नाहीतर घर इदाच्या नावावर व्हावं.

एवढं मी मोठ्याने वाचून दाखवलं. नुन्त्सियाता कमरेवर हात ठेवून उभी होती.

"तुझ्या पश्चात? म्हणजे मी वर शिजवावं म्हणून तू मरणार?"

"तसं नाही गं..."

"अठरा वर्षं तोंडाला कुलूप होतं का? इदा, खालून पातेलं आण. आणि तू सावेरिओ, ते प्लॅस्टिक काढ खुर्च्यांवरचं!"

मी काढलं. शेगडी पहिल्यांदा पेटली तेव्हा तिच्या कधीच न तापलेल्या रंगाचा वास घरभर पसरला. आम्ही खिडक्या उघडल्या. जेवताना मी दोनदा वाढून घेतलं.

कलम ४ मधली अट रद्द. घर विनाअट नुन्त्सियाताचं.

साक्षीदार, दोघे शेजारी, दोघेही जेवून सही करत आहेत:
एजिदिओ फाल्वो
ओर्तेन्सिया पेरी

सही: सावेरिओ मुराका
स्थळ: टोरांटो, वरचं स्वयंपाकघर
दिनांक: १७ मार्च १९७४